डबी क्रमांक ७: व्युर्टेम्बर्गच्या एका सैनिकी संचाच्या प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२४, शनिवार

स्टुटगार्टमध्ये, म्हणजे जुन्या व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याच्या राजधानीत, कार्ल्सप्लात्झवर दर शनिवारी जुना बाजार भरतो. पुण्याच्या जुन्या बाजारात पितळी कुलपे आणि बंद पडलेली घड्याळे उलथीपालथी करण्यात ज्यांचे रविवार गेले आहेत त्यांना तो परका वाटणार नाही, फक्त घासाघीस इथे खालच्या आवाजात होते. आज तिथे एका विक्रेत्याकडून सिगारची पत्र्याची डबी आतल्या वस्तूंसकट १४० युरोंना घेतली. माझ्या वहीत हा सातवा संच असल्यामुळे यापुढे त्याचा उल्लेख ‘डबी ७’ असा करीन.

डबीत १९१४ सालचा द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस आहे, काळपट रंगाचा आणखी एक क्रॉस आहे, एक सैनिकी पुस्तिका म्हणजे मिलिटेअरपास आहे आणि पोस्टकार्डाच्या जाड कागदावर उतरवलेली दोन छायाचित्रे आहेत. दोन्ही क्रॉसना फीत नाही. झाकणावर विक्रेत्याने चिठ्ठी चिकटवली होती: ‘एका सैनिकाचा संपूर्ण वारसा, २६ वी डिव्हिजन, सोम’. सोम म्हणजे उत्तर फ्रान्समधली नदी, १९१६ च्या मोठ्या लढाईची जागा. अशा चिठ्ठ्यांवर विश्वास ठेवू नये हे मी पहिल्या तीन डब्यांत पैसे घालवून शिकले आहे. तरी चिठ्ठी जपून ठेवली, कारण चुकीची माहितीही कुठून आली ते कळले पाहिजे.

पुस्तिकेवरचे नाव मी इथे लिहिणार नाही. हाइलब्रॉनजवळच्या ज्या गावचा हा माणूस, तिथे त्याचे नातू-पणतू आजही राहत असतील. त्याला ‘ज.’ म्हणू.

माझी मर्यादा पुन्हा एकदा लिहून ठेवते, कारण शेजारच्या मांडवात आज मोह पडेल असे बरेच काही होते. मी पहिल्या महायुद्धातील वस्तू आणि त्या युद्धासाठी पुढे दिलेली मानचिन्हे एवढेच घेते. नाझी काळातील वस्तूंवरचे स्वस्तिक विक्रेते छोटे गोल कागद चिकटवून झाकतात, कारण ते चिन्ह उघड्यावर मांडणे जर्मन दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षण यांना त्यात सवलत आहे, पण मला त्या वाटेला जायचे नाही. अर्थात १९१८ साली रेघ मारली म्हणून सगळे तिथेच थांबते असेही नाही, आणि ते याच डबीत पुढे दिसेल असे वाटते.

१० मार्च २०२४, रविवार

आज वस्तू मोजल्या. योगायोग असा की आयर्न क्रॉसची स्थापना १० मार्च १८१३ या तारखेची. नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी प्रशियाचा राजा तिसरा फ्रीडरिश विल्हेल्म याने ब्रेस्लाऊ येथे तो सुरू केला आणि आपल्या दिवंगत राणीचा, लुइझेचा, जन्मदिवस स्थापनेची तारीख म्हणून ठरवला. पुढे १८७० मध्ये, ५ ऑगस्ट १९१४ रोजी आणि १९३९ मध्ये त्याचे पुनरुज्जीवन झाले. म्हणून एकाच क्रॉसवर दोन साले असतात: पुढे ‘डब्ल्यू’ हे अक्षर, मुकुट आणि १९१४, मागे ओकची पाने, संस्थापक राजाची आद्याक्षरे आणि १८१३.

खऱ्या क्रॉसचे तीन भाग असतात. मधला गाभा ओतीव लोखंडाचा व काळा रंगवलेला, आणि त्याला दोन्ही बाजूंनी कवेत घेणाऱ्या चांदीच्या दोन चौकटी, ज्या कडेला डाख देऊन जोडलेल्या असतात. व्हर्निअरवर रुंदी ४२ मिलिमीटर भरली. लोहचुंबक मध्यभागी घट्ट बसतो आणि चौकटीच्या टोकाला सुटतो. भिंगातून पाहिले तर जोडाची रेघ सलग दिसते, एका भुजेवर रंग उडून खाली तांबूस गंज आला आहे आणि चौकटीच्या आतल्या कडेचे बारीक मणी वेगवेगळे मोजता येतात. नकली क्रॉस बहुधा एकाच साच्यातून ओतलेले असतात आणि त्यांचे हे मणी साबणाने धुवून काढल्यासारखे गुळगुळीत दिसतात. हा खरा आहे. अडकवायच्या कडीवरची उत्पादकाची खूण मात्र झिजून गेली आहे.

मी तो पुसलेला नाही. डबी १ मधला क्रॉस मी देवाची भांडी घासायच्या पावडरीने लखलखीत केला होता आणि त्याबरोबर त्याची शंभर वर्षेही धुवून टाकली होती. ती चूक पुन्हा करायची नाही.

काळपट क्रॉस हा १९३४ चा ‘एरेनक्रॉयत्स’, म्हणजे महायुद्धाचा सन्मान क्रॉस आहे. त्यावर तलवारी नाहीत. तूर्त ‘युद्धात सहभागी, पण आघाडीवर नसलेल्यांसाठीचा प्रकार, ब्राँझचा मुलामा काळवंडलेला’ अशी नोंद करते.

आणखी एक गोष्ट. डबीच्या तळाशी फिकट निळ्या कापसाचा थर आहे. त्यावर दोन्ही क्रॉसच्या आकाराच्या खुणा आहेतच, पण कोपऱ्यात एक स्वच्छ गोल काळसर डागही आहे, व्यास साधारण २८ मिलिमीटर. डबीत गोल वस्तू एकही नाही. छायाचित्र काढून ठेवले.

१७ मार्च २०२४

संपूर्ण आठवडा ज.च्या पुस्तिकेतील अक्षरांशी झुंजण्यात गेला. बाजारात आणि संग्राहकांच्या बोलण्यात या जुन्या जर्मन हस्ताक्षराला सरसकट ‘झ्युटरलिन’ म्हणतात, ते बरोबर नाही. झ्युटरलिन ही शाळांसाठी सोपी केलेली लिपी असून प्रशियाच्या शाळांत ती १९१५ पासून शिकवली जाऊ लागली. पहिल्या महायुद्धातले कंपनी-कारकून तिच्या आधीची, तिरकी आणि टोकदार ‘कुरेंट’ लिहीत असत. तिच्यात ‘ई’ हे अक्षर ‘एन’सारखे दिसते आणि ‘यू’ ओळखू यावे म्हणून त्याच्या डोक्यावर छोटी चंद्रकोर काढतात. ही चंद्रकोर कारकुनाने घाईत विसरली की वाचणाऱ्याची दिवसभराची सोय होते.

पुण्यात मी मोडीचा वर्ग केला होता त्याचा इथे अनपेक्षित उपयोग झाला. अक्षर एकेकटे सुटत नाही. आधी शब्दाचा अंदाज बांधावा लागतो, मग तो अक्षरांवर बसतो का ते पाहावे लागते, आणि बसला नाही तर हट्ट न धरता सोडून द्यावा लागतो. मोडीत लेखणी न उचलता ओळ पुढे जाते, शब्द तुटत नाहीत. कुरेंटमध्ये शब्द तुटतात, पण शब्दाच्या आतल्या सगळ्या उभ्या काड्या एकसारख्या असतात. ज.चा व्यवसाय वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. ‘वाइनगेर्टनर’, म्हणजे द्राक्षमळेवाला, निघाला. हाइलब्रॉनच्या परिसरात हा व्यवसाय असणे साहजिक आहे. अंदाज गावापासून सुरू केला असता तर एक संध्याकाळ वाचली असती.

गंमत म्हणजे फ्रेंच गावांची नावे पहिल्याच नजरेत वाचता येतात. परकी नावे रोमन वळणात लिहायची अशी या कारकुनांची रीत होती. आपल्याकडे मोडी कागदात मधेच एखादा संस्कृत श्लोक बाळबोधीत यावा तसे ते दिसते.

२४ मार्च २०२४

पुस्तिका वाचून झाली, एक ओळ सोडून.

ज. १८९१ सालचा, पंथाने प्रॉटेस्टंट. लुडविग्सबुर्ग येथे तळ असलेल्या १२१ व्या व्युर्टेम्बर्गी पायदळ रेजिमेंटमध्ये शांतताकाळातील सेवा केलेला आणि ऑगस्ट १९१४ मध्ये पुन्हा तिथेच हजर झालेला. ‘मिटगेमाख्टे गेफेख्टे’, म्हणजे भाग घेतलेल्या लढाया, या पानाला कारकुनाने दोन पुरवण्या चिकटवल्या आहेत, इतके ते भरले. १९१५ मध्ये रशियन आघाडी, त्याच वर्षाच्या शरद ऋतूत सर्बिया, मग १९१६ च्या सुरुवातीपासून बेल्जियममधल्या इप्रसमोरचे खंदक. २ जून १९१६ रोजी व्युर्टेम्बर्गच्या तेराव्या कोअरने इप्रजवळ माउंट सोरेल येथे कॅनेडियन सैन्यावर हल्ला केला, त्याची नोंद आहे. त्यानंतर बाराच दिवसांनी, १४ जूनला, द्वितीय श्रेणीचा आयर्न क्रॉस. सोम येते ते त्या उन्हाळ्याच्या शेवटी. पुस्तिकेत देवीची लस टोचल्याची नोंद आहे, बुटांचे माप आहे आणि डिसेंबर १९१८ मध्ये घरी सोडल्याचा शिक्का आहे. म्हणजे माणूस जिवंत परतला.

न लागलेली ओळ ‘पदके व मानचिन्हे’ या पानावर आयर्न क्रॉसच्या खाली आहे. तीनचार संक्षिप्त शब्द, प्रत्येकापुढे टिंब, आणि ऑक्टोबर १९१६ ची तारीख. पहिला शब्द ‘झिल्ब’ असावा असे वाटते, पण शपथेवर सांगणार नाही.

एक विसंगती मात्र आता स्पष्ट दिसते आहे. खंदकांत एवढी वर्षे काढलेल्या माणसाला १९३४ मध्ये तलवारी असलेला आणि लॉरेलच्या पानांचा, आघाडीच्या सैनिकाचा क्रॉस मिळायला हवा होता. म्हणून काळपट क्रॉस पुन्हा भिंगाखाली घेतला. पृष्ठभाग काळवंडलेला नाही. तो मुळातच काळ्या लाखेचा आहे आणि एका खोलगट जागी लाखेचा थेंब साचून वाळलेलाही दिसतो. १० मार्चची नोंद चुकली होती. हा तिसरा प्रकार आहे, जो युद्धात मेलेल्यांच्या विधवांना आणि आईवडिलांना दिला जाई.

हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्ष असताना १३ जुलै १९३४ रोजी, युद्धाला वीस वर्षे होत असताना, हा क्रॉस सुरू झाला. तीन आठवड्यांच्या आत तो वारला आणि पुढची प्रमाणपत्रे ‘फ्युरर व राइश चॅन्सेलर यांच्या नावाने’, म्हणजे हिटलरच्या नावाने, निघाली. तो आपोआप मिळत नसे, अर्ज करावा लागे. आघाडीच्या सैनिकांना साठ लाखांहून अधिक, तर विधवा व आईवडील मिळून सात लाखांहून अधिक क्रॉस दिले गेले. ज्यू माजी सैनिकांनीही अर्ज केले आणि त्यांनाही त्याच माणसाच्या नावाने तो मिळाला. या कागदाने आपल्याला हात लागणार नाही अशी त्यांच्यातल्या काहींची समजूत होती. मी १९१८ साली मारलेली रेघ इथे पुसली जाते.

जिवंत परतलेल्या ज.च्या डबीत मृताच्या कुटुंबाचा क्रॉस कसा आला, हा आता या संचाचा मुख्य प्रश्न आहे.

१४ एप्रिल २०२४

छायाचित्रे १२०० डीपीआयवर स्कॅन केली.

पहिले स्टुडिओतले आहे. मागे रंगवलेला पडदा, पुढे टोकदार शिरस्त्राण, म्हणजे पिकेलहाउबे, हातात धरलेला तरुण, खांदेपट्टीवर १२१. हा ज. असण्यास काहीच अडचण नाही. दुसऱ्यात खंदकाच्या तोंडाशी तीन जण उभे आहेत. चिठ्ठीत ज्याला ‘सोम’ म्हटले ते हेच, आणि मधल्या माणसाचा चेहरा पहिल्या छायाचित्रातल्या तरुणाशी इतका जुळतो की विक्रेत्याला दोष देता येत नाही.

परंतु कपडे बोलतात. मधल्या माणसाच्या अंगावर बटणे झाकलेला साधा कोट आहे. हा ‘ब्लुझे’ सप्टेंबर १९१५ मध्ये मंजूर झाला, त्यामुळे छायाचित्र त्याच्या आधीचे असू शकत नाही. पोलादी शिरस्त्राण कुणाकडेही नाही. डावीकडच्या माणसाने कापडी आवरण घातलेले पिकेलहाउबे डोक्यावर घेतले आहे आणि आवरणावर, स्क्रीनवर मोठे करून पाहिल्यावर, ‘आर’ हे अक्षर व त्याखाली ११९ वाचता येते. ‘आर’ म्हणजे रिझर्व्ह. ही ११९ वी रिझर्व्ह पायदळ रेजिमेंट झाली, ज.ची १२१ वी नव्हे.

मागच्या बाजूने उरलेला संशय मिटवला. शिक्का २६ व्या रिझर्व्ह डिव्हिजनच्या फील्डपोस्टचा, म्हणजे सैनिकी टपालाचा, तारीख १२ मे १९१६. २६ वी डिव्हिजन आणि २६ वी रिझर्व्ह डिव्हिजन ही दोन वेगळी दळे होती. दोन्ही व्युर्टेम्बर्गची असल्यामुळे विक्रेत्यांचा आणि कधीकधी लेखकांचाही घोटाळा होतो. मे १९१६ मध्ये पहिली, म्हणजे ज.ची, इप्रसमोर होती, दुसरी सोमच्या उत्तरेला तिएपवाल व बोमाँ-हामेल या पट्ट्यात. १९१७ नंतरचे कार्ड असते तर हा शोध लागलाच नसता, कारण तेव्हापासून टपालाच्या शिक्क्यांतून दळाचे नाव काढून टाकले.

मजकूर पेन्सिलीचा आणि पुसट आहे. आईला लिहिले आहे. मोजे पोहोचले, लोणी वाटेत खराब झाले, मोस्टच्या पिंपाची गळती थांबली का, असे विचारले आहे. मोस्ट म्हणजे सफरचंद आणि पेअरचा आंबवलेला रस. श्वाबेनमध्ये, म्हणजे याच भागात, तो घरोघरी पिंपात भरून ठेवीत. सहीत फक्त एक अक्षर आहे आणि ते ‘ज.’ नाही. ‘फ.’ आहे.

२० एप्रिल २०२४

फ. सापडला.

पहिल्या महायुद्धातील जर्मन हानीच्या याद्या, ‘फरलुस्टलिस्टन’, प्रशियाच्या युद्धमंत्रालयाने १९१४ ते १९१९ या काळात सतत छापल्या. सुमारे ३१ हजार पानांवर ८५ लाखांच्या आसपास नोंदी आहेत, आणि बव्हेरिया, सॅक्सनी, व्युर्टेम्बर्ग यांच्या याद्या त्यांनाच जोडून निघत. त्यांची संगणकीय सूची जर्मनीतल्या वंशावळी-अभ्यासक स्वयंसेवकांनी स्वतःच्या वेळात टंकून तयार केली. हे काम केवढे आहे ते फ्राक्तुर, म्हणजे जुन्या टोकदार जर्मन ठशांच्या, छपाईची अशी चार पाने डोळ्यांखालून घातल्याशिवाय कळत नाही.

आडनाव घालून शोधल्यास शेकडो नोंदी येतात, म्हणून मी गावाचे नाव घालून शोधते. ज.चे आडनाव आणि ज.चे गाव एकत्र असलेल्या नोंदी तीन निघाल्या. एक ज. स्वतः, ‘किरकोळ जखमी’. उरलेल्या दोन्ही एकाच माणसाच्या आहेत: ऑगस्ट १९१६ च्या यादीत ११९ वी रिझर्व्ह रेजिमेंट, ९ वी कंपनी, ‘बेपत्ता’, आणि बऱ्याच महिन्यांनंतर दुरुस्ती, ‘आतापर्यंत बेपत्ता, मृत’. यादीची तारीख ही छपाईची असते, मृत्यूची नव्हे, आणि दोन्हींत आठवड्यांचे, कधी महिन्यांचे अंतर असते, हे नवख्यांनी विसरू नये. वंशावळींमध्ये या एका चुकीमुळे माणसे त्यांच्या मरणानंतर दोन महिने लढत राहिलेली दिसतात.

९ वी कंपनी वाचल्यावर मी खुर्चीतून उठले. १ जुलै १९१६ च्या सकाळी बोमाँ-हामेलसमोरच्या हॉथॉर्न टेकाडाखाली ब्रिटिशांनी सुमारे १८ टन स्फोटके पेरलेला सुरुंग उडवला. ब्रिटिश घड्याळात तेव्हा ७ वाजून २० मिनिटे झाली होती. जर्मन घड्याळे तासभर पुढे होती, म्हणून जर्मन कागदांत तीच वेळ ८:२० च्या सुमाराची येते. जेफ्री मॅलिन्स या ब्रिटिश कॅमेरामनने तो स्फोट चलच्चित्रात टिपला आणि सोमच्या लढाईविषयीच्या माहितीपटांत तो मातीचा काळा खांब हमखास वर उठताना दिसतो. त्या खांबाखाली जी कंपनी होती ती ११९ व्या रिझर्व्ह रेजिमेंटची ९ वी.

८ मे २०२४

रजा घेऊन स्टुटगार्टच्या मुख्य राज्य अभिलेखागारात गेले.

हा संच व्युर्टेम्बर्गचा आहे हे माझे नशीब. एप्रिल १९४५ मध्ये, १४ तारखेच्या रात्री, पॉट्सडॅमवर झालेल्या हवाई हल्ल्यात प्रशियाचे लष्करी दप्तर जळाले आणि सामान्य प्रशियन सैनिकाची वैयक्तिक कागदपत्रे त्यात गेली; पोमेरेनियन सैनिकाची माझी डबी ४ त्यामुळेच जिथल्या तिथे थांबली आहे. बव्हेरियाचे दप्तर म्युनिकमध्ये, बाडेनचे कार्ल्सरूहमध्ये आणि व्युर्टेम्बर्गचे इथे स्टुटगार्टमध्ये राहिले म्हणून त्या त्या राज्यांचे सैनिक आजही शोधता येतात. सैन्य एक आणि दप्तरे चार, या जुन्या संघराज्यी गुंतागुंतीचा संशोधकाला झालेला हा फायदा आहे.

कंपनीची नामावळी, ‘क्रीग्सश्टामरोले’, प्रत्येक सैनिकाला एक आडवी ओळ देते: नाव, धर्म, जन्म, व्यवसाय, विवाह, आईवडिलांची नावे, लढाया, पदके, वर्तणूक, शेरा. आधी १२१ व्या रेजिमेंटमधला ज. पाहिला, मग ११९ रिझर्व्हमधला फ. आईवडिलांच्या रकान्यात दोन्हीकडे तीच नावे आहेत. वडिलांच्या नावापुढे दोन्हीकडे मृत्यूची छोटी फुली आहे. फ. ज.पेक्षा तीन वर्षांनी लहान होता, अविवाहित होता आणि त्याचा पदकांचा रकाना रिकामा आहे. शेऱ्यात १ जुलै १९१६, बोमाँच्या उत्तरेस, बेपत्ता. खाली वेगळ्या शाईत आणि वेगळ्या हाताने, मृत.

फ. अविवाहित असल्यामुळे काळा क्रॉस विधवेचा असू शकत नाही. वडील आधीच गेलेले. उरते ती आई, मोज्यांची आणि पिंपाची. आयर्न क्रॉसही फ.चा नाही, कारण त्याला पदक मिळालेच नव्हते. म्हणून तो ज.चा. ही दोन्ही अनुमाने डबी एकाच घरातली आहे या गृहीतकावर उभी आहेत, आणि प्रमाणपत्र सापडेपर्यंत ती अनुमानेच राहतील.

ज.च्या ओळीत मला न लागलेले संक्षेप पूर्ण लिहिलेले सापडले: ‘झिल्बर्ने मिलिटेअरफेरदीन्स्टमेडाय्ये’. व्युर्टेम्बर्गचे रौप्य सैनिकी गुणवत्ता पदक. पुढे राजा दुसरा विल्हेल्म याचे मुख, मागे पानांच्या चक्रात ‘शौर्य व निष्ठेसाठी’ हे शब्द. पदक गोल असते. घरी येऊन वस्तुसूचीत पाहिले: व्यास अठ्ठावीस मिलिमीटरच्या घरातला. कापसावरचा डाग त्याचा आहे.

११ मे २०२४, शनिवार

विक्रेत्याकडे गेले. त्याला आठवले. एका घराची आवराआवर करताना त्याला ही डबी मिळाली आणि त्यातले ‘चांदीचे नाण्यासारखे’ त्याने, मी डबी घेतली त्याच्या आदल्या शनिवारी, एका नाणेसंग्राहकाला वेगळे विकले. गिऱ्हाईक अनोळखी, पैसे रोख. त्याने मुद्दाम काही वाईट केले असे मी म्हणणार नाही; चांदीला भाव आहे, जीर्ण पुस्तिकेला नाही, आणि वेगवेगळे विकले तर बेरीज मोठी होते हे त्याचे गणित बरोबर आहे. पण त्या पदकावर कुणाचेही नाव कोरलेले नसते. डबीतून बाहेर पडताक्षणी ते व्युर्टेम्बर्गने दिलेल्या हजारो सारख्या पदकांपैकी एक झाले आणि आता माझ्यासमोर आणून ठेवले तरी मी ते ओळखू शकणार नाही. मी हे त्याला सांगितले. तो म्हणाला, पुढच्या वेळी आधी तुम्हाला दाखवीन. बघू.

त्याच्याच टेबलावर युद्धकैद्यांच्या टपालाचे एक खोके होते, आणि त्यात, माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास बसेना, ‘अहमदनगर’ असा शिक्का. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी हिंदुस्थानातले जर्मन नागरिक, त्यांत बासेल मिशनचे पाद्रीही, नगरच्या छावणीत नजरकैदेत ठेवले होते, आणि त्या मिशनची माणसे मोठ्या संख्येने याच व्युर्टेम्बर्गातली असत. माझे आजोळ भिंगारचे. कार्ड घेतले, त्याची नोंद वेगळ्या वहीत करीन, इथे त्याचे काम नाही.

१७ ऑगस्ट २०२४

गाडीने सोमला जाऊन आले. बोमाँ-हामेलच्या टेकाडावरचा खड्डा आज झाडाझुडपांनी भरलेला आहे. आकार वाकडा दिसतो, कारण १३ नोव्हेंबर १९१६ रोजी त्याच जागी दुसरा सुरुंग उडवला गेला आणि दोन खड्डे एकमेकांत मिसळले. खंदकाच्या छायाचित्रातल्या मागच्या उताराशी जमिनीची रेघ जुळते का ते तासभर पाहत होते. काहीही सिद्ध झाले नाही, कारण मधल्या काळात सगळी माती दोनदा वर जाऊन खाली आली आहे.

फ्रिकूर येथील जर्मन दफनभूमीत सुमारे १७ हजार सैनिक आहेत, त्यांतले बहुसंख्य सामायिक कबरींत. फलकांवरची नावे वाचत गेले, पण फ.चे नाव मिळाले नाही. जर्मन युद्धकबरी संस्थेच्या सूचीतही ते नाही.

२९ सप्टेंबर २०२४

संच कायमच्या पेटीत ठेवला. क्रॉस आम्लरहित कागदात वेगवेगळे गुंडाळून आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह. छायाचित्रे पॉलिएस्टरच्या पाकिटांत, कारण पीव्हीसीची पाकिटे काही वर्षांत चिकट होऊन छायाचित्राचा वरचा थर ओढून घेतात. मूळ डबी आणि तो निळा कापूस जसाच्या तसा ठेवला आहे.

पेटीवरच्या चिठ्ठीत प्रत्येक विधानापुढे त्याचा आधार लिहिला. पुस्तिका आणि स्टुडिओतले छायाचित्र: ज., खात्रीने. खंदकातले छायाचित्र: फ.ने पाठवलेले, हे शिक्का आणि सही यांवरून. मधला माणूस तोच, हे केवळ चेहऱ्यावरून. आयर्न क्रॉस: बहुधा ज.चा. काळा क्रॉस: बहुधा आईचा. रौप्य पदक: दप्तरानुसार होते, मे २०२४ पूर्वी वेगळे विकले गेले. विक्रेत्याची मूळ चिठ्ठीही आत ठेवली आणि तिच्यावर पेन्सिलीने ‘चूक’ लिहिले.

१९३४-३५ मधील सन्मान क्रॉसचे अर्ज स्थानिक प्रशासनाकडे जात, आणि उत्तर व्युर्टेम्बर्गच्या अशा कार्यालयांची कागदपत्रे लुडविग्सबुर्गच्या राज्य अभिलेखागारात ठेवली जातात. आईचे नाव, गाव आणि अर्जाचा संभाव्य काळ देऊन काल त्यांना पत्र पाठवले आहे.